रेघ तुटलेली जागा

इनासचा पप्पा तारवावरून उतरला त्या डिसेंबरात
एक राखाडी खोकं घेऊन, दोन कंट्रोलर
आणि एकच कॅसेट.
वेष्टणावर अक्षरं जपानी. आम्हांला त्यातलं
फक्त चेंडूचं चित्र वाचता आलं.

कुडचड्यात तेव्हा सगळंच लाल:
खाणीचे ट्रक, रस्त्याकडेची केळ, वाळत घातलेले बनियन.
कॅसेटमध्येही ती धूळ शिरायची.
काढायची, फुंकायची, पुन्हा बसवायची.
फुंकण्याआधी इनास खुरीस काढायचा,
मी आपला कॅसेट कपाळाला लावायचो.
कोणाच्या श्वासाने ती चालू व्हायची
यावर अजून एकमत नाही.

तसलं हिरवं ना केप्यात, ना सासष्टीत.
खेळाडू म्हणजे बारा-पंधरा ठिपके.
चेहरे नव्हते, म्हणून आम्ही दिले.
माझा सात नंबर म्हणजे रुझार पोदेर,
धावताना एका बाजूला कलायचा,
जणू सायकलला अजून पावांची टोपली आहे.
गोलकीपर पी.टी.चे केंकरे सर, कधी वाकायचेच नाहीत.
पडद्यावर एका वेळी मावायचे सहाजण.
बाकीचे कुठे असतात, मी विचारलं.
इनास म्हणाला, "जेवायला गेल्यात."

आणि ती जागा.
उजवीकडे, पेनल्टी बॉक्सची रेघ जिथे किंचित तुटलीय,
तिथून मारलं की गोल. दर खेपेस.
केंकरे सर उलट्या बाजूला निघून जाणार,
कुणीतरी हाक मारल्यासारखे.
ती आम्हांला एका दुपारी सापडली
आणि त्याच तिन्हीसांजेला शपथ झाली,
त्याची सायबिणीची, माझी शांतादुर्गेची:
तिथून कोणी मारायचं नाही.
मग दोन वर्षं
दुसऱ्याच्या आंब्याखालून खिशात हात घालून जावं
तसे आम्ही तिथून चेंडू नेत राहिलो.

खाणी बंद पडल्या. ट्रक अंगणांत गंजले.
इनास स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीवर.

परवा आला.
त्याच्या पोराच्या गेममध्ये खेळाडूंना घाम फुटतो,
बुटांच्या नाड्या दिसतात,
प्रेक्षकांतलं एकेक माणूस वेगळं.
"नाव ठेवायला जागाच नाय," इनास म्हणाला,
आणि ते कौतुक नव्हतं.

फोंदूच्या रिपेरीच्या दुकानातून
कुबडवाला जुना टीव्ही उसना आणला.
दोघांनी आळीपाळीने फुंकलं.
हिरवं आलं.

तीन-तीन. शेवटची बारा सेकंदं.
रुझार कलत कलत नेमका त्या जागी पोचला.
(खरा रुझार मे महिन्यात गेला.
इनासला अजून सांगितलेलं नाही.)
माझा अंगठा बटणावर.
पडद्यावरची नजर न काढता इनास म्हणाला,
"मार रे. आता कोण बघता?"

मी पास दिला,
पडद्याबाहेर,
जेवायला गेलेल्यांपैकी एखादा
एव्हाना परतला असेल
या अंदाजाने.