वाघोटणच्या खाडीत चावदिस

तीन नंबरचा बावटा चढला त्याला आज चौथा दिवस.
विजयदुर्गाच्या आडोशाला
एकशे सत्तर बोटी कुशीला कुशी लावून,
मध्ये जुने टायर, नाहीतर लाकडं एकमेकांना खातील.
वेरावळच्या, मालपेच्या, हर्णैच्या,
एक थेट कन्याकुमारीची, तिच्या नाळेवर मेरीमाता,
पायाशी बल्ब, तो दर लाटेला विझतो, पेटतो.

माझं घर आचऱ्याला.
इथून बावीस मैल. पाण्यातून सांगतोय,
रस्त्याने किती ते मला ठाऊक नाही.
लवू तांडेल म्हणाला, "जा. पण बारा माणसांक
जेवाण कोण घालतलो?"
मी भंडारी. राहिलो.

पहाटे चारला आंघोळी. माणशी दीड तांब्या गोडं पाणी,
बाकीचं खाऱ्याने.
तेल होतं. उटणं नव्हतं.
कारीट तर कुठून असणार,
आणि कारीट फोडल्याशिवाय चावदिस उजाडायचा कसा?
इंजिनवाला बाबल म्हणाला,
"नरकासुर हंय खंयसून येतलो?
तेका पोवाक येणा नाय."
तरी तांडेलाने पाकिटातून तापाची गोळी काढली,
फळीवर ठेवली, डाव्या अंगठ्याने चिरडली,
गोविंदा, गोविंदा,
आणि पूड जिभेला लावली.
मग आम्ही, एकेक कण.
कारटाहून कडू.
आमची तोंडं बघून बाबल हसत सुटला,
हसता हसता खाडीच्या तोंडाकडे बघून थांबला.
त्याचा भाऊ 'साईसागर'वर.
'साईसागर' अजून आली नव्हती.

पोहे मी तीन तऱ्हेचे केले.
गुळाचे, तिखटाचे, आणि नुसते.
नारळ दोन होते, त्यातला एक पूजेचा.
तोही फोडला.

तेवढ्यात दिलमान, आमचा नेपाळी,
दोन वर्षं बोटीवर, बोलतो कमी,
इंजिनाला लावायचं कुंकू चिमटीत घेऊन
कठड्यांवरून कठडे ओलांडत
सात बोटी पलीकडे गेला.
तिथे वेरावळवाल्यांचा कुत्रा आहे, डिझेल नावाचा.
त्याला टिळा लावला.
गळ्यात माळ घातली:
जाळ्याचा दोरा, त्यात पाच नारिंगी बोये.
म्हणाला, आज आमच्याकडे कुत्र्याचा सण.
यमाच्या दारात हाच राखणीला असतो,
ओळख ठेवलेली बरी.

कुणी हसलं, कुणी फोटो काढला.
बाबल काहीच बोलला नाही.
आपली पोह्यांची ताटली उचलली,
सात बोटी ओलांडल्या,
कुत्र्यापुढे उकिडवा बसला
आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ.
डिझेलने आधी गुळाचे खाल्ले.

रात्री मालपेवाल्यांनी मुदत संपलेला
धोक्याचा बाण सोडला, दिवाळी म्हणून.
किल्ल्याचा बुरूज क्षणभर तांबडा, पाणी तांबडं,
एकशे सत्तर बोटींवरची माणसं तांबडी.
लवू तांडेल असा ओरडला
की मेरीमातेवाल्यांनी रेडिओ बंद केला.
तो बाण मजेसाठी नसतो.
नंतर कितीतरी वेळ
सगळेच बाहेर, काळोखात बघत होते,
जणू तिकडून कुणी उत्तराला दुसरा सोडणार आहे.

पाचव्या दिवशी वायरलेसवर कळलं,
'साईसागर' कारवारला. दोन दिवस झाले.
तिथे त्यांना जिलेबी मिळाली म्हणे.
बाबलने अर्धा तास भावाला शिव्या घातल्या,
आईवरून सुद्धा, जी त्याचीही आई,
नाक पुशीत, पाना हातात घेऊन.

बावटा उतरला. बोटी सुटल्या.
वेरावळवाले उत्तरेला वळले तेव्हा
नाळेवर डिझेल उभा होता, माळेसकट.
आमच्या जाळ्याला आता पाच बोये कमी.
तेवढ्या जागी ते पाण्यात जरा वाकतं.
तांडेलाला दिसतं ते, दर वेळी.
अजून त्याने नवे लावायला सांगितलेले नाहीत.