टाच नसलेला मोजा

याला टाच नाही. बोटांची जागा नाही.
टोकाशी शिवण तर अजिबात नाही.
मसुराएवढी एक गाठ जरी राहिली
तरी संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते.
म्हणून मी गोल विणते, चार सुयांवर,
आणि शेवटी टोक मिटवते
तोंड मिटून बसलेल्या माणसासारखं.

लोकर दोनदा धुते. साबण राहिला तर फोड येतात.

ग्रादाचाचचा मोज्यांचा कारखाना बंद पडला,
तिथे मी टाचा वळवायचे.
एकोणीस वर्षं, फक्त टाचा.
आता या टेकडीवर माझ्याकडे अकरा पाय आहेत.
पाय म्हणजे, जे उरलं ते.
वहीत मापं आहेत :
हुस्नियाचं गुडघ्याखाली चौदा सेंटिमीटर,
नदीपलीकडच्या स्टोयानचं मांडीपासून,
आणि मुनिबचं,
माझ्या नवऱ्याचं,
जे दर वेळी वेगळं येतं.

सकाळी त्याचा पाय फुगलेला असतो, तेव्हा एकपदरी.
दुपारी लाकडाप्लॅस्टिकचा पाय आत सैल वाजू लागतो;
तो अंगणातल्या बाकावर बसतो, पट्टा सोडतो,
वर तीनपदरी चढवतो.
ऊन कललं की त्यावर पाचपदरी.
एका दिवसात एवढा आटतो माणूस.
पदरी पडलं ते गोड मानावं म्हणतात.
आम्ही मानत नाही, मोजतो :
एक, तीन, पाच.
रात्री पाच, तीन, एक.

आलुबुखाराच्या बागेत गेला होता.
लढाई संपून आठ महिने झाले होते.
खाली पडलेली फळं कुजतील म्हणून गेला, बस.
पुढचं तो सांगत नाही, मग मी कशाला सांगू?
फळं आम्ही आता बाजारातून आणतो.

गेल्या हिवाळ्यात म्हणाला,
शेफिका, टाचेला खाज येतेय.
कुठल्या, हे मी विचारलं नाही.
म्हणाला, एक मोजा टाचेचा विण.
मी म्हटलं, लोकर काय फुकट येते?
मग दोन दिवस शेगडीच्या एका अंगाला तो, एका अंगाला मी,
मधे नुसती किटली बोलत होती.

तिसऱ्या रात्री मी हुस्नियाचा मोजा विणत होते.
अर्ध्यावर आले आणि सुया आपणहून वळल्या.
हातांची खोड.
उसवायला हवं होतं. उसवलं नाही.

सकाळी त्याने तो उचलला,
आत हात घातला कोपरापर्यंत,
टाचेच्या खळग्यात मूठ बसवली
आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी
बाहेरून खाजवत राहिला,
बराच वेळ, डोळे मिटून.
मग म्हणाला, गेली.
आणि कॉफी मागितली.

हुस्नियाला त्या आठवड्यात मोजा उशिरा मिळाला.
कारण सांगितलं नाही.

आज तारेवर नऊ वाळत होते.
शेजारची मेर्येमा, पाच वर्षांची,
एक ओढून डोक्यात घालून आली.
कान झाकले गेले, भुवयाही.
टोपी कुणाची, विचारते.
माझी, मुनिब म्हणाला.
थंडी वाजते का तुला?
वाजते, कधी कधी.
ती तशीच कोंबड्यांमागे पळत सुटली.
मी हाक मारणार होते, त्याने हातानेच थांबवलं.
राहू दे.
पाचपदरी आहे,
संध्याकाळपर्यंत लागत नाही.