सामायिक

वागुरच्या बंदर-कचेरीत रात्रीचे अकरा.
जून आहे, बाहेरचा उजेड जायला तयार नाही.
रानवा पडदा ओढते
आणि तीन वर्षं कुणी न उघडलेली फाईल उघडते.

सोन्नीने लिहिलेली. तो आता डोंगरावर, मेंढ्यांत.
सबंध फाईलीत टिप्पणी एकच:
'हे असंच राहू दे.'

तक्रार तोर्शावनहून आली आहे, गावातून नव्हे:
टेर्नान ही होडी पंधरा दिवस धक्क्याला बांधलेली,
आणि तिच्या खात्यात चार टन कॉड.

रानवा होडीलाच विचारते, काय काय आहे तुझ्यात?
ऑब्जेक्ट बिचारं पोटात काही ठेवत नाही.
नाव, लांबी, परवाना, मालक;
मागे-पुढे अंडरस्कोरच्या मिशा लावलेले जुने कारकून,
ज्यांना कुणी हाक मारत नाही
पण ज्यांच्यावाचून पान हलत नाही;
आणि एक खाजगी.
खाजगी कसलं, दार नुसतं लोटलेलं, कडी नाही.
आत मालकाच्या मुलीचा फोन नंबर.

मग एकेका होडीची डिक्शनरी.
चौदा होड्या, चौदा डिक्शनऱ्या,
पकड कुणातच नाही.

पकड वर आहे, क्लासमध्ये.
एकच लिस्ट. चौकटी कंसांची एकच टोपली,
सातबाऱ्यावर चुलत भावांची असावीत
तशी तिच्यावर सगळ्यांची नावं.
मासा कुणीही टाकावा,
तो चौदा ताटांत.

नवशिक्याची चूक. पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
डिझेलची सूट, बर्फाचं बिल
याच आकड्यावरून निघत होतं, तीन वर्षं,
आणि धक्क्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

सोन्नी फोन उचलतो. आधी वारा ऐकू येतो.
'ती लिस्ट,' ती म्हणते, 'क्लासमध्ये राहिलीय.'
'हं.'
'चुकून?'
कुत्रं भुंकतं. तो त्याला नावाने दटावतो.
'ऐविंदुरचा खांदा कसा आहे आता?
जाळं ओढता येतं का?'

ती ओळ कापते,
खाली नेऊन इनिटच्या आत चिकटवते, पुढे सेल्फ.
चाचणीच्या प्रतीत चालवून बघते.

ज्याची त्याची टोपली.
टेर्नानसमोर दोन चौकटी कंस,
एकमेकांना जवळजवळ टेकलेले.

खरी फाईल अजून तशीच.
कर्सर उघडमीट करतो.