निषेध-शून्य

गाडी खाडीकाठी थांबली तेव्हा सुकती लागून तास झाला होता.
कालावलच्या पाण्यात कमरेएवढ्या बायका,
पायांनी चिखल चाचपत, पायांनीच खुबे ओळखत.

मी पर्यावरणाचा अर्थतज्ज्ञ.
हे वाक्य तीन वाड्यांत सांगून पाहिलं,
तिन्ही ठिकाणी विचारलं, म्हणजे बँकेचे?
बँकेचा नाही, हे पटवण्यात सकाळ गेली.
खात्याने मला एक खाडी दिली आहे
आणि ऑक्टोबरअखेर तिची किंमत मागितली आहे,
हेक्टरी, रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

तिवरांचं सोपं होतं. उपग्रहाचं चित्र,
वर दोन दिवस चिखलात एक बूट हरवून खातरजमा.
ती लाट अडवतात, म्हणून तेवढ्या लांबीच्या
धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा खर्च त्यांच्या नावे जमा.
बंधारा कुठेच नाही.
नसलेल्या भिंतीच्या खर्चावर उभी आहेत ती
माझ्या कोष्टकात.

खुबे अडले.
शेवंती टिकम किलोने विकत नाही, वाट्याने विकते.
पन्नास रुपये वाटा.
मी खिशातला स्प्रिंगचा काटा काढून तीन वाटे तोलले:
सातशे ग्रॅम, नऊशे, एक किलो शंभर.
दर एकच?
'एकच.'
मग हा मोठा का?
'ह्यो जैतूनचो. तिच्याकडे खाणारी तोंडां आठ.'
सरासरी घेतली. प्रमाण विचलन लिहिलं.
जैतूनच्या आठ तोंडांना रकाना नव्हता.

प्रश्न चौदा. वाचून दाखवायचा, समजावायचा नाही,
ही सक्त सूचना प्रशिक्षणात मीच दिलेली.
'ही खाडी आहे अशीच राहावी यासाठी आपले कुटुंब
दरमहा जास्तीत जास्त किती रुपये देण्यास तयार आहे?'
तिने हात पदराला पुसले.
'कोणाक?'
म्हटलं, समजा.
'समजा म्हणजे कोणाक?'
पुन्हा वाचला, जरा हळू.
'भरतेक तिकीट लावलास काय तुमी आता?'
मागच्या बायका पाण्यातच हसल्या.
ती हसत नव्हती.
'लिवा. शून्य.'

शून्य दोन प्रकारचं असतं.
एक, ज्याला खाडीचं काही पडलेलं नाही त्याचं. ते धरायचं.
दुसरं, ज्याला प्रश्नच मान्य नाही त्याचं.
त्याला आमच्या शास्त्रात निषेध-शून्य म्हणतात,
ते वगळायचं. कोड नव्याण्णव.
एकशे बारा घरं, त्यांत एकेचाळीस नव्याण्णव.
उरलेल्यांत एक रिसॉर्टवाला, महिना पाचशे,
आणि एक निवृत्त मास्तर,
ज्यांनी आत जाऊन बायकोला विचारून वीस सांगितले.
खाडीचा भाव आता या लोकांवर.

रात्री विश्रामगृहात सूट-दर लावला. आठ टक्के.
आठाने तीस वर्षांनंतरचा रुपया आज दहा पैशांचा होतो.
शेवंतीची नात चार वर्षांची,
पाटीपाशी बसून खुब्याला टिचकी मारत होती
आणि तो मिटला की माझ्याकडे बघत होती.
ती चौतीसची होईल तेव्हा जैतूनचा वाटा
माझ्या पडद्यावर एकशे दहा ग्रॅम.
चार टक्के करून पाहिलं. मग दोन.
मग फाइल सेव्ह न करता बंद केली.

निघताना तिने पिशवी दिली होती. मी पाकीट काढलं तर
'रव्हांदे. तुमी एकटेच मां? म्हणान बारको वाटो.'
खानसाम्याने ओलं खोबरं घालून सुकं केलं.
काट्यावर ठेवायचं राहून गेलं.

अहवाल गेला. कोष्टक सात, आकडा एक,
आणि खाली बारीक अक्षरांत तळटीप,
एकेचाळीस प्रतिसाद वगळले आहेत.
मी तिथे पूर्णविराम दिला नव्हता,
स्वल्पविराम देऊन पुढे दीड ओळ लिहिली होती.
मंत्रालयातून छापून आलं तेव्हा दीड ओळ गेलेली,
स्वल्पविराम राहिलेला