कोंबडी सापडली

केनेबेक नदीकाठच्या संग्रहालयात
दीपगृहाचं जुनं भिंग उतरवून ठेवलंय,
माणसाहून उंच, आत साधा बल्ब.
शेजारी काचेखाली रोजनिशी उघडी:
‘धुकं. घंटा चौदा तास. कोंबडी सापडली.’

तिकीट फाडणाऱ्या ऑरिला पिंकम म्हणाल्या,
अक्षर वडिलांचं.
कोंबडी माझी.

दुपारच्या बोटीवर त्याही होत्या, कोपऱ्यात.
कप्तान भोंग्यातून सांगत होता
उंची, साल, फुटलेली जहाजं.
लॉबस्टरच्या सापळ्यांचे तरंगते ठोकळे
पिवळे-निळे, पिवळे-निळे, मागे पडत होते.
“हे भाच्याचे,”
एवढंच बोलल्या.

मग मनोरा आला.
सगळ्यांचे फोन वर.
त्या मात्र खाली बघत होत्या,
स्वयंपाकघराच्या खिडकीकडे,
तिच्यावर आता फळ्या ठोकल्यात.

वर डब्याएवढा दिवा, आपला आपण लागणारा,
उन्हात दिसतही नव्हता.
त्यांचे ओठ हलत होते:
एक, दोन, तीन, चार...
पाचाला त्यांनी डोळे मिटले,
पूर्वी इथं झगझगायचं तसे.

धक्का जवळ आला, दोर फेकला गेला.
उठता उठता माझ्याकडे वळून म्हणाल्या,
“तिचं नाव नाही विचारलंत.”