झालर

चातुर्मास. लग्नं बंद, बँडवाले गावी गेलेले,
आणि नागझरीच्या कडेला, मंगळवार पेठेत,
दस्तगीर मुजावरची घोडी
पत्र्याखाली बिनकामाची उभी.

कुमाईत रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर चांदा.
पंचकल्याणी म्हणून मुहूर्ताला तिचा भाव जास्त.
माश्यांना त्याचं काय!
या घरातल्या नव्हेत, गुळावर बसून उठणाऱ्या.
या गोमाश्या. करड्या, चपट्या,
आधी कातरतात, मग पितात.
पोटाखाली, कानाच्या आत, डोळ्याच्या कोपऱ्यात,
शेपूट पोचत नाही नेमकं तिथंच.

शेपूट तरी कुठं पुरतं उरलंय?
गेल्या हंगामात कुणा नवरदेवाच्या मित्रांनी
तिच्या मागच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली.
अर्धं जळलं.
दस्तगीर त्याबद्दल बोलत नाही.

मी समोरच्या टपरीत पिको-फॉल करते.
मशीन थांबलं की खूर ऐकू येतो.
एक. थांबून दोन.
मग सलग, बाहेरून कडी लावलेल्या दारावर
आतून कुणी थापा माराव्या तसा.

त्यानं करायचं ते सगळं केलं.
कडुनिंबाचा धूर: घोडी खोकली, शेजारीण भांडली.
करंजेल: चाललं, पण दुपारपर्यंतच.
जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली,
शेण रोज उचला, ओल ठेवू नका.
"ओल नागझरीची आहे, बाई. तिला कुठं उचलू?"
तरी दुसऱ्या दिवशी पहाटे फावडं वाजलं,
आणि मग रोजच.

भाचा सादिक मोबाईलमध्ये काहीतरी बघून आला.
कुंभारवाड्यात गणपतींची उरलेली शाडू आणली,
कालवली, घोडीच्या अंगावर पट्टे ओढले.
म्हणे पट्ट्यांवर माशीला नीट उतरता येत नाही.
तीन दिवस आमच्या पेठेत झेब्रा होता.
पोरं शाळा बुडवून बघायला यायची.
माश्या खरंच कमी झाल्या.
चौथ्या दिवशी सर आली आणि पट्टे
विसर्जनाआधीच विसर्जन होऊन गेले.

तेव्हा मी टेप घेऊन गेले.
हजार ब्लाउज मापलेला हात,
पण कानापासून कानापर्यंत असं कधी मोजलं नव्हतं.
तिच्या खांद्यावर एक माशी बसली,
आणि तेवढीच जागा थरारली, रुपयाएवढी.
बाकी घोडी जागच्या जागी.

"आपल्याला का नाही येत हे?"
"आपल्याला हात आहेत ना," दस्तगीर म्हणाला.
मला स्वारगेटची बस आठवली,
दोन्ही हातांत साड्यांची बोचकी,
आणि पाठीवर टेकलेलं ते कोपर.
मी काही बोलले नाही. कपाळाचं माप लिहून घेतलं.

पट्टा जुन्या मच्छरदाणीचा, दुहेरी.
त्याला लोंबत्या दशा, फॉलच्या उरलेल्या कातरणींच्या:
मोरपंखी, आमसुली, गुलबक्षी, कुणाची हळदीची पिवळी.
अर्ध्या पेठेच्या साड्यांचे काठ
घोडीच्या डोळ्यांवर आले.
तिनं आधी बुजून मान झटकली. दशा फिरल्या.
परत झटकली. मग कळल्यासारखी
हळूहळू, मुद्दाम, हलवत राहिली.
त्या संध्याकाळी मशीन थांबलं तेव्हा
खूर वाजला नाही. मी कितीतरी वेळ
दिवा न लावता बसले.

तुळशीचं लग्न झालं, पहिली सुपारी आली.
नवऱ्याचे मामा म्हणाले, वरात निघायच्या आधी
ही चिंध्यांची लोंबकळ काढा.
दस्तगीर जीन आवळत होता. वर न बघता म्हणाला,
"हिची मुंडावळी आहे.
तुमच्या पोराची आधी काढा, मग हिची काढतो."

वरात गेली.
दशा हलताना कोपऱ्यापर्यंत दिसत होत्या.
माझ्या खांद्यावर माशी बसली, साधी, घरातली.
मी खांदा तेवढ्यापुरता थरारवून बघितला.
नाही जमलं.
हातानं हाकलली.