पातळ बर्फाची जागा

शिश्का तीन दिवस डावीकडेच वळते आहे.
गोल. परत गोल.
मग भिंतीला कपाळ टेकवून उभी,
जणू पलीकडून कुणी नाव घेतलंय तिचं.
शिश्का म्हणजे पाइनचं बोंड, अव्देई मला रशियनमध्ये सांगतो,
मी डॉक्टर मारिकांना एस्टोनियनमध्ये.
वय दहा. रंग बोंडाचाच.
बूट बाहेर काढू का, तो विचारतो.
एवढं मात्र मी पुढे पोचवत नाही.

तार्तूत अजून उजाडलेलं नाही.
तो पेइप्सी तळ्याकाठून पहिल्या बसने आलाय,
मांडीवर कुत्री, मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली,
दोघांना मिळून एकच वास: मासळी आणि कांदा.

मानेमागचे केस आम्ही भादरतो.
खालून निघते गुलाबी, लाजरी कातडी,
जी मालकानेही कधी पाहिली नव्हती.
तो नजर वळवतो.
मी जेल तळहातावर चोळून कोमट करते.
गार लागलं तर कुत्री दचकते,
आणि दचकलेलं रक्त खोटं बोलतं.

"कवटी उघडणार?"
नाही. ऐकणार.
"हाडातून?"
हाड आवाजाला आत घेत नाही, मारिका म्हणतात,
पण मेंदू जिथे मानेत उतरतो
तिथे कवटीला मोकळं दार आहे.
त्या दाराचं नाव मला रशियनमध्ये आठवत नाही.
मी म्हणते: पातळ बर्फाची जागा.

आता कुठे अव्देई खुर्चीत नीट टेकतो.
चाळीस हिवाळे तो तळ्यावर भोक पाडून बसलाय.
शेवटचे नऊ, पुढे शिश्का:
चालायची, थांबायची, मान तिरकी करायची.
खाली पाणी जागं असेल तर पाऊल टाकत नसे.
"ऐकायची ती," तो म्हणतो. "मी नुसता मागे."

दिवा मालवला.
हनुवटी छातीकडे, हलकेच, फार नाही.
माझ्या ओंजळीत तिच्या डोक्याचं वजन, ऊबदार कोबीएवढं.
पडद्यावर करडं धुकं.
अजून धुकं.
मारिका मनगट केसभर वळवतात
आणि उमटते एक निळी रेघ.
निळी, कारण रक्त आमच्याकडे पाठ करून
आत निघालंय, पुढे, जिथे ती तळं लक्षात ठेवते.

मग आवाज.
फश्श.
फश्श.
अव्देई दोन बोटांनी छातीवर क्रूस काढतो.
"चाललंय की!"

ठोका येतोय, मी सांगते,
पण दोन ठोक्यांच्या मध्येही वाहायला हवं.
हे बघा, डोंगर उंच,
आणि मधली दरी पार तळाला टेकलेली.
रोधांक शून्य दशांश ब्याऐंशी.
आत दाब वाढलाय, वाट मिळत नाही.

तो बराच वेळ पडद्याकडे बघतो.
"म्हणजे पाणी आहे. वरचा बर्फ बसतोय त्याच्यावर."
काय म्हणाले, मारिका विचारतात.
मी सांगते.
त्यांचं पेन कागदावर तसंच थांबतं.

शिरेतून मॅनिटॉल, थेंबाथेंबाने.
कॉफीच्या यंत्राशी अव्देई नाणी मोजतो आणि परत खिशात टाकतो.
अकरा वाजता पुन्हा जेल, पुन्हा धुकं, पुन्हा निळी रेघ.
शून्य दशांश पंचाहत्तर.
"बरं आहे?"
सकाळपेक्षा कमी वाईट, मारिका म्हणतात.
मी जसंच्या तसं सांगते. साखर घालत नाही.
शिश्काचा कान हलतो, एकदाच,
कदाचित आवाजाला, कदाचित कशालाच नाही.

रात्रभर तिला इथेच ठेवायचं ठरतं.
तो टेबलावर कांद्यांची वेणी ठेवतो,
पावतीच्या अगदी शेजारी, जणू तीही पावतीच.
खिडकीतून मी बघते:
फुटपाथवर काल रात्रीचं पाणी गोठलंय,
फार तर बोटभर, खाली सिमेंट,
बुडण्यासारखं काही नाही.
तरी तो थांबतो.
मान तिरकी करतो.
मग बुटाच्या टोकाने चाचपत
एकेक पाऊल टाकतो, पुढे कुणीच नसल्यासारखं.